अभिनय चांगला होता, म्हणजे नेमकं काय? पडद्यावरचं काम पारखायची रीत

‘काय काम केलंय!’ एवढं म्हणून झालं की पुढे काय बोलायचं ते बहुतेकांना सुचत नाही. मग तीन गोष्टी हटकून पुढे येतात: तो किती रडला, त्यानं वजन किती घटवलं आणि संवाद कसे दणक्यात फेकले. या तिन्हींवरून अभिनयाची पारख होत नाही. वजन घटवणं ही मेहनत आहे, तिला दाद द्यावी. पण बारीक झालेला माणूसही कॅमेऱ्यासमोर खोटा वागू शकतो. रडण्याचं तर विचारूच नका, ग्लिसरीनचे दोन थेंब पुरतात.

खरी अडचण अशी की पडद्यावर जे दिसतं ते एकट्या नटाचं नसतं. वाक्य लेखकाचं, प्रकाश छायालेखकाचा, पॉजची लांबी बऱ्याचदा संकलकाची आणि गळ्यात दाटलेला हुंदका अनेकदा पार्श्वसंगीताचा. म्हणून आधी इतरांचं काम बाजूला काढायचं आणि उरेल ते नटाच्या खात्यावर मांडायचं. खालच्या पायऱ्या त्या वजाबाकीसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

तयारी

सुरुवात आवडत्या नटापासून करू नका. त्याच्या चुका दिसत नाहीत आणि दिसल्या तरी मन त्यांना ‘शैली’ म्हणून मोकळं होतं. ज्याच्याबद्दल फारसं मत नाही असा नट घ्या. सिनेमा असा हवा की त्यात या नटाचे दुसऱ्या माणसासमोर बसून-उभं राहून घडणारे निदान तीन प्रसंग असतील. नुसत्या मारामारीच्या सिनेमात हाताला फार काही लागत नाही.

आवृत्ती मूळ भाषेतलीच घ्या. डब केलेल्या आवृत्तीत निम्मा अभिनय दुसऱ्याचा असतो. भाषा येत नसेल तर सबटायटल चालतील, पण फक्त पहिल्या वेळी. नंतर ती बंद करायची, कारण ती नजर चेहऱ्यावरून खाली ओढतात.

मोबाईलवर हे काम होत नाही. डोळ्यांतले बारीक बदल पाच-सहा इंचांत हरवतात. लॅपटॉप किंवा टीव्ही घ्या आणि टीव्ही असेल तर त्याच्या चित्राच्या सेटिंगमधलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. दर कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण काम एकच: सेकंदाला २४ फ्रेम असलेल्या चित्रात मधल्या खोट्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करायची. त्यामुळे चांगला नटही मालिकेतल्यासारखा दिसू लागतो.

जुना सिनेमा असेल तर चौकट तपासा. साधारण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे सिनेमे जवळजवळ ४:३ या आकारात आहेत. आजच्या रुंद पडद्यावर त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पट्ट्या नसतील तर चित्र ताणलंय किंवा वरून-खालून कापलंय. कापलेल्या भागात बहुधा हात असतात, आणि हात फार महत्त्वाचे आहेत.

हेडफोन हवाच. एकेक फ्रेम पुढे सरकवता येईल असा प्लेअर हवा: व्हीएलसीमध्ये ‘ई’ ही कळ, यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ पुढे आणि स्वल्पविरामाची मागे. शिवाय एक वही. तिच्यात दोन रकाने आखा, डावीकडे ‘दिसलं’ आणि उजवीकडे ‘वाटलं’.

*तपासून पाहा:* कुठलाही एक मिनिट लावा. ओठ आणि आवाज जुळतायत ना? वायरलेस हेडफोनवर आवाज किंचित मागे पडतो. तसं झालं तर टायमिंगबद्दलची तुमची सगळी निरीक्षणं चुकतील.

पायरी १: सिनेमा एकदा सलग पाहा, काहीही लिहू नका

थांबवू नका, मागे नेऊ नका. प्रेक्षक म्हणून पाहा आणि संपल्यावर पाच मिनिटांच्या आत आठवणारे क्षण उजव्या रकान्यात उतरवा. फक्त क्षण, शेरे नकोत. ‘दारात थबकते तो क्षण’ चालेल, ‘अप्रतिम क्लायमॅक्स’ नाही.

ही पायरी गाळून थेट प्रसंग उघडणारे बरेच असतात. त्यांना पुढे प्रत्येक हालचाल सुटी दिसते आणि ती कुठल्या गरजेतून आली ते कळत नाही.

पायरी २: तीन प्रसंग निवडा

प्रत्येकी दोन ते चार मिनिटांचे. त्यातला एक पहिल्या वीस मिनिटांतला, एक जिथे या नटाला बोलण्यापेक्षा ऐकायचं जास्त आहे असा, आणि एक जिथे विशेष काही घडत नाही असा: चहा करणं, कागद चाळणं, बसची वाट पाहणं. हा तिसरा प्रसंग सोडू नका. भावनेच्या लाटेत लेखन आणि संगीत नटाला तारून नेतात. रिकाम्या प्रसंगात तारायला कोणी नसतं.

*सावधान:* सोशल मीडियावर फिरणारी क्लिप निवडू नका. ती सहसा सगळ्यात मोठ्या आवाजातली असते आणि तिच्याबद्दलचं मत तुम्ही आधीच दुसऱ्याकडून घेतलेलं असतं.

पायरी ३: आवाज बंद करून पाहा

तिन्ही प्रसंग, एकेक करून, पूर्ण मुके. हे आवाजाच्या पायरीआधीच करायचं. शब्द कानावर पडले की डोळे त्या शब्दांचा पुरावा शोधू लागतात आणि तो हमखास सापडतो.

पहिल्यांदा पाहाल तेव्हा क्रम बघा. माणसाला आधी काहीतरी सुचतं, मग नजर हलते, मग अंग, मग शब्द बाहेर पडतो. कच्चा नट शब्द आणि हात एकाच ठोक्याला आणतो, किंवा हात शब्दाच्या मागून येतो, कारण त्यानं वाक्य पाठ केलेलं असतं आणि हात नंतर चिकटवलेला असतो. शंका आली तर फ्रेम-फ्रेमनं सरका. ओठ उघडण्याआधी पाच-सहा फ्रेम, म्हणजे पाव सेकंद, अंगात काही सुरू झालंय का, ते दिसतं.

दुसऱ्यांदा पापण्या. ब्रिटिश नट मायकल केन अभिनय शिकवताना क्लोजअपमध्ये उगाच पापण्या मिटू नका असं बजावत असत, कारण मोठ्या पडद्यावर पापणी लवणंही ठळक घटना होते. पण ‘न मिटणं म्हणजे चांगलं’ असा सरधोपट नियम करू नका. संकलक वॉल्टर मर्च ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) कापत असताना त्यांच्या लक्षात आलं, की ज्या जागी कट घ्यावासा वाटतो त्याच्या अगदी जवळ त्यातल्या नायकाची, जीन हॅकमनची पापणी मिटते. एक विचार संपला की पापणी मिटते, तशी ती मिटत होती. तेव्हा पापण्या मोजत बसू नका. ती विचाराच्या शेवटी लवते की नट गोंधळल्यामुळे, एवढं पाहा.

तिसऱ्यांदा हात आणि वस्तू. ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४) मध्ये चालता चालता ईव्हा मेरी सेंटचा हातमोजा खाली पडतो. मार्लन ब्रँडो तो उचलतो, परत देत नाही, बोलत राहतो आणि बोलता बोलता स्वतःच्या हातात चढवतो. त्याला तिच्याजवळ थांबायचंय हे संवादात कुठेच नाही. वस्तू काही काम करत असेल तर ती अशी करते. उलट नुसताच कप उचलून ठेवणं, उगाच चष्मा पुसणं ही हातांना दिलेली रोजगार हमी.

शॉटचा आकारही लक्षात ठेवा. क्लोजअपमध्ये भुवईची किंचित हालचाल पुरते, तीच पूर्णाकृती शॉटमध्ये कुणाला दिसणार नाही. तिथे खांदे, मान, चाल बोलायला हवी. जाणकार नट शॉटनुसार माप बदलतो. सगळीकडे एकाच मापानं काम करणारा क्लोजअपमध्ये भडक आणि दूरच्या शॉटमध्ये पुसट दिसतो.

*तपासून पाहा:* मुक्या प्रसंगावरून कोणाला कोणाकडून काय हवंय ते एका वाक्यात लिहिता येतं का? ‘दोघं भांडतायत’ हे उत्तर अपुरं. ‘तिला जायचंय, त्यानं थांबवावं असंही वाटतंय’, असं काहीतरी सापडायला हवं.

पायरी ४: चित्र बंद करून ऐका

आधी एक चौकशी करा: आवाज नटाचाच आहे ना? ‘गुलाम’ (१९९८) मध्ये राणी मुखर्जीचा आवाज तिचा नाही. ‘आखरी रास्ता’ (१९८६) मध्ये श्रीदेवीसाठी रेखानं डबिंग केलंय. अशा सिनेमात ही पायरी गाळा. आवाज नटाचाच असला तरी तो चित्रीकरणाच्या जागी घेतलाय की नंतर स्टुडिओत, याचाही फरक पडतो. हिंदीत कित्येक दशकं नंतर डबिंग करण्याचाच रिवाज होता. ‘लगान’ (२००१) पासून थेट ध्वनिमुद्रण पुन्हा रुळू लागलं. स्टुडिओत डब केलेल्या प्रसंगात धाप, अडखळणं, घशात अडकलेला शब्द या गोष्टी नटानं दुसऱ्यांदा, थंड खोलीत, माइकसमोर उभं राहून निर्माण केलेल्या असतात. त्या खऱ्या वाटत असतील तर ते दुप्पट काम आहे.

ऐकताना वाक्याच्या आधीचा श्वास पकडा. घाबरलेला माणूस वरच्या वर श्वास घेतो, खोटं बोलणारा कधी श्वासच न घेता वाक्य सुरू करतो. मग शेवटचे शब्द ऐका: दर वाक्याचा शेवट एकाच सुरात पडतोय का? पडत असेल तर नट पाठांतर म्हणतोय. पॉज असेल तिथे हळूच मोजा. दोन सेकंदांचा पॉज पडद्यावर बराच लांब असतो, त्यात काही चाललेलं असावं लागतं. पॉजच्या आधीचा सूर आणि नंतरचा सूर एकच असेल तर मधे काही घडलं नाही, नट फक्त थांबला.

रंगभूमीवरून आलेल्या नटांच्या बाबतीत अंतर तपासा. समोरचा माणूस हातभर अंतरावर आणि आवाज मात्र शेवटच्या रांगेसाठी, ही सर्वांत जुनी चूक. आवाज मोठा आहे हा दोष नाही, तो चुकीच्या अंतराचा आहे हा दोष.

गाण्यांसाठी उलटं करा, म्हणजे चित्र ठेवा. पार्श्वगायनात गळा दुसऱ्याचा असतो, तेव्हा पाहायचा तो नटाचा श्वास. ओळ सुरू होण्याआधी छाती भरते का, लांबलेल्या सुरावर मानेच्या शिरा ताणल्या जातात का, की नुसते ओठ हलतात? वाद्य हातात असेल तर बोटं पाहा. ‘कोहिनूर’ (१९६०) साठी दिलीप कुमार सतार शिकले होते. ती मेहनत कुठे गेली हे पाहायचं तर बोटांवरच पाहावं लागतं.

*सावधान:* बोलीबद्दल मत देताना ती बोली तुमच्या कानावर रोज पडते का, हे स्वतःला विचारा. पडत नसेल तर ती अख्ख्या सिनेमाभर सारखी राहते का, एवढंच नोंदवा.

पायरी ५: ऐकणारा माणूस पाहा

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा. जो बोलतोय त्याच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा धरा, आणि फक्त ऐकणाऱ्याकडे पाहा. यासाठी दोघं एकाच चौकटीत असलेला शॉट घ्या. वेगळा कापलेला रिअॅक्शन शॉट घेऊ नका, कारण तो संकलकानं त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या टेकमधून, क्वचित दुसऱ्याच क्षणातून उचललेला असू शकतो.

प्रश्न एकच: हे वाक्य तो पहिल्यांदा ऐकतोय का? खरं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यात बदल वाक्याच्या मधेच होतो, जो शब्द लागतो त्याच शब्दाला. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत चेहरा थांबलेला आणि मग एकदम भाव आला, तर नट आपली पाळी यायची वाट पाहत होता. दुसरी चूक याच्या विरुद्ध टोकाची: प्रत्येक वाक्याला मान हलवणं, ओठ चावणं, सुस्कारा. प्रत्यक्षात ऐकणारी माणसं बहुतेक वेळ भाव लपवत असतात.

‘सिंहासन’ (१९७९) मधला निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस या पायरीसाठी उत्तम. तो माणूस सिनेमाचा बराच भाग ऐकतो, पाहतो आणि गिळतो. त्याचा कुठलाही प्रसंग मधेच थांबवा आणि चेहऱ्यावरून सांगा, की समोरच्यावर त्याचा किती विश्वास बसलाय. बहुतेक वेळा सांगता येतं, आणि तरी भुवई उडालेली नसते. ‘द लंचबॉक्स’ (२०१३) मध्ये बऱ्याच प्रसंगांत इरफान खानसमोर बोलणारं माणूसच नाही, डबा आणि चिठ्ठी आहे. वाचणं हेही ऐकणंच. डोळे ओळीवरून खरंच सरकतायत का आणि नेमके कुठे अडतायत, ते पाहा.

पायरी ६: वजाबाकी

आता प्रसंग पूर्ण आवाजासह लावा आणि इतरांचा वाटा काढा.

*कट.* प्रत्येक कटला वहीवर एक रेघ मारा. दोन मिनिटांत ४० कट असतील तर सरासरी तीन सेकंदांचा शॉट. तिथे लयीचं श्रेय मुख्यतः संकलकाचं. दोन मिनिटांत चारच कट असतील तर नटानं अर्धं-अर्धं मिनिट एकट्यानं पेललंय. म्हणून लांब शॉट आपोआप थोर ठरतो असं मात्र नाही. कंटाळवाणा लांब शॉट कंटाळवाणाच.

*शेजारचा शॉट.* १९२०च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्हनं इव्हान मोझ्युखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सूप, शवपेटी अशा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला, आणि लोकांना त्यात भूक, दुःख असं वेगवेगळं दिसलं, असं सांगतात. तेव्हा भारावून टाकणारा क्लोजअप आला की पुढचा-मागचा शॉट झाका आणि चेहरा एकटा पाहा. ‘क्वीन क्रिस्तिना’ (१९३३) च्या शेवटच्या शॉटसाठी दिग्दर्शक रूबेन मामूलियननं ग्रेटा गार्बोला सांगितलं होतं, की मनात काही आणू नकोस, चेहरा कोरा ठेव. प्रेक्षकांनी त्यात काय काय वाचलं! इथे श्रेय कोणाला? माझ्या मते दोघांना. कॅमेरा जवळ येत असताना काहीही न ‘करणं’ बहुतेकांना जमत नाही.

*संगीत.* मुक्या पाहणीत क्षण भिडला नव्हता आणि आता भिडला, तर तो फरक संगीताचा किंवा संवादाचा. संवाद कागदावर लिहून काढा आणि सपाट आवाजात वाचा. तरीही अंगावर काटा येत असेल तर लेखकाचे आभार माना.

*सावधान:* वजाबाकीचा सूड उगवू नका. सगळं काढून झाल्यावर ‘मग नटानं केलं काय?’ असं वाटत असेल तर पायरी ३ आणि ५ च्या नोंदी पुन्हा काढा. उत्तर तिथे असतं.

पायरी ७: सुरुवात आणि शेवट शेजारी लावा

सिनेमा क्रमानं चित्रित होत नाही. ठिकाण, तारखा, उजेड यांच्या सोयीनं शेवट पहिल्या दिवशीही उरकला जातो. व्यक्तिरेखा या क्षणी कुठवर पोचलीय याचा हिशेब मुख्यतः नटालाच डोक्यात ठेवावा लागतो. पहिल्या प्रसंगातले ३० सेकंद आणि शेवटच्या प्रसंगातले ३० सेकंद आलटून पालटून, मुके, दोन-तीनदा पाहा. चाल बदलली का? बसताना खुर्चीच्या काठावर बसणारा आता मागे रेलतो का? केस पांढरे करणं मेकअपचं काम. उठताना आधी हात टेकणं नटाचं.

‘भूमिका’ (१९७७) इथे फार उपयोगी आहे. त्यात स्मिता पाटील एका नटीचं काम करते, त्यामुळे सिनेमातल्या सिनेमात कॅमेऱ्यासमोरची उषा आणि घरातली उषा असे दोन नमुने एकाच देहात मिळतात. दोन्ही शेजारी लावा: मान किती ताठ, नजर कुठे टेकते, हसू किती वेळ टिकतं. अभिनय आणि ‘अभिनयाचा अभिनय’ यांतला फरक शब्दांत समजावण्यापेक्षा तिथे पटकन दिसतो.

पायरी ८: त्याच नटाचा दुसरा सिनेमा

निदान एक तरी प्रसंग दुसऱ्या सिनेमातला पाहा, नाहीतर नटाची जन्माची लकब तुम्ही व्यक्तिरेखेची निर्मिती समजून बसाल. दोन्हीकडे सारख्या सापडणाऱ्या गोष्टींची यादी करा आणि आधीच्या नोंदींतून त्या वगळा.

जोडी निवडताना भूमिका लांबच्या घ्या. निळू फुल्यांचाच ‘सामना’ (१९७५) मधला साखरसम्राट हिंदूराव आणि ‘सिंहासन’ मधला दिगू: दिग्दर्शक तोच, जब्बार पटेल, मधे चारच वर्षं. एक खोलीत आला की खोली त्याची होते, दुसरा खोलीत असून नसल्यासारखा. किंवा बलराज साहनींचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) मधला रिक्षा ओढणारा शंभू आणि ‘वक्त’ (१९६५) मधले सुखवस्तू लाला केदारनाथ. खांद्यांवर लक्ष ठेवा. शंभूच्या कामासाठी साहनींनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखर रिक्षा ओढून पाहिली होती.

लकब सापडली म्हणजे नट पकडला गेला असं समजू नका. काही नट एकच व्यक्तिमत्त्व घेऊन येतात आणि त्यातच बारीक कोरीव काम करतात. ते कमी प्रतीचं नाही, वेगळ्या प्रतीचं आहे.

पायरी ९: लिहा

नियम एकच: प्रत्येक विशेषणाला वेळ जोडा.

वाईट नोंद: ‘डोळ्यांतून सगळं बोलून जाते. काळजाला भिडणारं काम.’

चांगली नोंद: ‘४२ व्या मिनिटाला तो बदलीचं सांगतो. “बदली” या शब्दालाच तिचा चष्मा पुसणारा हात थांबतो, वाक्य संपायच्या आत पुन्हा सुरू होतो. मग ती “बरं” म्हणते, त्याच्याकडे न बघता.’

दहापैकी गुण देऊ नका. गुण दिले की नोंद कुणी वाचत नाही. वेळ मोजूनही किंमत ठरवू नका. ‘शेक्सपिअर इन लव्ह’ (१९९८) मध्ये ज्युडी डेंच अवघी काही मिनिटं आहेत आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. तीन परिच्छेद पुरतात: नटानं केलेली एक गोष्ट, इतरांनी त्याच्यासाठी केलेली एक गोष्ट, आणि एक जागा जिथे काम फसलं. तिसरा परिच्छेद रिकामा राहिला तर रिकामा प्रसंग पुन्हा पाहा. फसलेली जागा बहुधा तिथेच असते.

*शेवटची तपासणी:* नोंद सिनेमा न पाहिलेल्या कोणाला तरी द्या आणि तो प्रसंग मुका लावून द्या. तुम्ही लिहिलेला क्षण त्याला मिनिटाच्या आकड्याशिवाय सापडला, तर नोंद पक्की. सापडला नाही, तर डाव्या रकान्यात अजून ‘वाटलं’ शिल्लक आहे. ते खोडा आणि पायरी ३ पासून तेवढाच प्रसंग पुन्हा लावा.